जुनी जपानी तलवार ओळखताना सही सगळ्यात शेवटी वाचा

जुनी जपानी तलवार हाती लागली की लोक एकाच क्रमाने चुकतात. आधी पातं घासून चकचकीत करतात, मग मूठ उतरवून आतल्या भागाचा गंज काढतात, मग तिथल्या अक्षरांचा फोटो कुणाला तरी वाचायला पाठवतात आणि मोठं नाव निघालं की तिथेच थांबतात. पहिल्या दोन उद्योगांत तलवारीचं वय सांगणारा पुरावा जातो. उरलेल्या दोहोंत भलतंच वय पदरात पडतं, कारण जपानी तलवारींवर खोट्या सह्यांची परंपरा फार जुनी आहे.

आपल्याकडे या तलवारी बहुधा दोन वाटांनी येतात. १९४५ साली ब्रह्मदेश, मलाया, सिंगापूर इथे जपानी अधिकाऱ्यांनी खाली ठेवलेल्या तलवारी काही भारतीय सैनिकांच्या घरांत आल्या. दुसरी वाट परदेशी लिलावांची. दोन्हींसाठी तपासणीचा क्रम एकच: घाट, पोलाद, धारेची नक्षी, मुठीतला भाग आणि मग सही.

## आधी कागद

भारतात तलवार बाहेरून आणायची तर १९५९च्या शस्त्र कायद्यानुसार आयात परवाना लागतो. घरात आधीपासून असलेल्या तलवारीला परवाना लागतो की नाही हे त्या भागाला लागू असलेल्या अधिसूचनेवर ठरतं. पोलीस आयुक्तालयाच्या किंवा जिल्हाधिकारी कार्यालयाच्या परवाना शाखेत लेखी विचारून घ्या. शंभर वर्षांहून जुनी वस्तू १९७२च्या पुरावस्तू कायद्याच्या कक्षेत येऊ शकते, आणि पॉलिशसाठी जपानला पाठवणं हीसुद्धा निर्यातच आहे.

जपानमध्ये प्रत्येक पारंपरिक तलवारीला 'तोरोकुशो' नावाचं नोंदणीपत्र असतं. ते तिथल्या प्रांताचं शिक्षण मंडळ देतं. तलवार देशाबाहेर जाताना ते परत करावं लागतं आणि सांस्कृतिक खात्याचं निर्यातपत्र घ्यावं लागतं. त्यामुळे 'मूळ तोरोकुशो सोबत पाठवतो' असं विक्रेता म्हणाला तर सावध व्हा.

सावधान: तोरोकुशो हा अस्सल सहीचा दाखला नव्हे. लांबी, बाक, मुठीत बसणाऱ्या भागातल्या भोकांची संख्या आणि कोरलेली अक्षरं जशी दिसली तशी त्यात उतरवलेली असतात. खोटी सहीही त्यात जशीच्या तशी येते. अभिप्राय देणारे कागद वेगळे. एनबीटीएचके या तलवारींच्या जतनासाठी काम करणाऱ्या जपानी संस्थेचे 'होझोन', 'तोकुबेत्सु होझोन', 'जुयो', 'तोकुबेत्सु जुयो' हे त्यांचे चढते स्तर. याच संस्थेचे जुने हिरवे वगैरे कागद आज जाणकार जपूनच मानतात. मोठ्या नावाला जुना कागद असेल तर नवा मागा.

## १. टेबल मांडून घ्या

टेबलावर जाड गोधडी घाला आणि वर धुतलेली पांढरी सुती चादर. पांढऱ्या कापडावर पडलेली, मूठ धरून ठेवणारी बांबूची बारीक खुंटी चटकन दिसते. हे सामान आधीच हाताशी ठेवा:

- खुंटी काढायची छोटी पितळी हातोडी ('मेकुगी-नुकी'). नसेल तर खुंटीपेक्षा बारीक, बोथट बांबूची काडी आणि लाकडी ठोकळा.
- मऊ मायक्रोफायबर कापडाचे तीन-चार नवे तुकडे.
- आयसोप्रोपिल अल्कोहोल, ९९ टक्क्यांचं. औषधाच्या दुकानातलं ७० टक्क्यांचं नको, त्यात पाणी जास्त.
- 'चोजी' तेल किंवा शिलाई मशीनचं स्वच्छ, रंगहीन खनिज तेल.
- प्लास्टिकचं व्हर्नियर आणि कापडी टेप. स्टीलचं व्हर्नियर नको, एका घसटीत पॉलिशवर ओरखडा उठतो.
- एकच उघडा बल्ब असलेला दिवा आणि दहापट मोठं दाखवणारं भिंग.

अंगठ्या, बांगड्या, घड्याळ काढून ठेवा. पात्यावर वाकून बोलू नका, थुंकीचा बारीक थेंबही एका रात्रीत डाग सोडतो. आणि उघड्या पोलादाला बोट लावायचं नाही, कधीच. धार बोटाने तपासायची सवय असेल तर ती आज घरीच ठेवा. घामाचा ठसा आपल्या हवेत दोन-तीन दिवसांत तांबूस होतो आणि तो काढायला पुढे पॉलिशवाल्याला पोलादाचा एक थर घालवावा लागतो.

## २. म्यानातून काढणं

म्यान डाव्या हातात, धार वर आणि पाठ खाली. म्हणजे पातं पाठीच्या कडेवर सरकतं आणि धार लाकडाला लागत नाही. म्यानाच्या तोंडाशी पातं घट्ट बसलेलं असतं. एका हाताने म्यान, दुसऱ्याने मूठ धरून अंगठ्याच्या जोराने ते जेमतेम दोन बोटं सैल करा आणि मग सावकाश, सरळ रेषेत पूर्ण बाहेर काढा. अर्ध्यावर थांबून वाकडं करून बघायचं नाही.

म्यान धरताना बोटं धारेच्या बाजूला गुंडाळू नका. जुनं म्यान दोन फळ्या डिंकासारख्या चिकटीने जोडून केलेलं असतं. जोड उसवलेला असेल तर धार सरळ बोटांत येते. म्यान उभ्या रेषेत फाटलंय का हे तलवार काढण्याआधी बघून घ्या.

लष्करी तलवार असेल तर परजेजवळ, म्हणजे मूठ आणि पात्यामधल्या आडव्या तबकडीजवळ, एक छोटी कळ असते. ती दाबल्याशिवाय पातं सुटत नाही. ती न दाबता ओढाताण केली की कळ मोडते.

## ३. मूठ उतरवणं

इथे भारतीय तलवारीची सवय आडवी येते. आपल्या तलवारीची मूठ राळ किंवा लाखेने घट्ट बसवलेली असते, म्हणून जुने लोक ती तापवून काढतात. जपानी मूठ आगीजवळही न्यायची नाही. तिला लाख नसते. बांबूची एक खुंटी ('मेकुगी'), कधी दोन, मूठ आणि आतलं पोलाद आरपार धरून ठेवतात, बस्स.

क्रम असा:

अ) खुंटी शोधा. मुठीच्या दोऱ्याच्या चौकटींमधून ती दिसते. खुंटी एका टोकाला बारीक आणि दुसऱ्या टोकाला जाड असते. बारीक टोकावर काडी ठेवून जाड बाजूने बाहेर काढायची. उलटं ठोकलं तर ती आणखी आवळते आणि लाकूड चिरतं. दोन्ही टोकं सारखीच दिसली तर आधी एका बाजूने हलकं दाबून बघा.

आ) तलवार किंचित तिरकी उभी धरा, धार तुमच्यापासून दूर. डाव्या हाताने मुठीचं टोक धरा आणि उजव्या मुठीने डाव्या मनगटाजवळ हलके ठोके द्या. दोन-तीन ठोक्यांत पातं सैल होतं. पहिला ठोका अगदी हलका हवा. कट्यारीएवढ्या 'तान्तो'चा आतला भाग आखूड असतो, ते एका दणक्यात उसळून बाहेर येतं.

इ) पातं सैल झालं की धारेच्या बुडाशी बसवलेली धातूची पट्टी ('हाबाकी') धरून ते मुठीतून काढा.

ई) मूठ निघाली की एक चकती ('सेप्पा'), मग परज ('त्सुबा'), मग दुसरी चकती अशा क्रमाने सुटे भाग निघतात. ते त्याच क्रमाने, त्याच तोंडाने चादरीवर मांडा आणि लगेच फोटो काढा. सेप्पा अदलाबदल झाल्या किंवा उलट्या बसल्या की जोडल्यावर परज खुळखुळते आणि दोष मुठीला दिला जातो.

उ) हाबाकी शेवटी. ती मुठीकडच्या टोकाने निघते. अडकली असेल तर तेलाचा एक थेंब सोडा, पंधरा मिनिटं थांबा, मग पाठीच्या बाजूला लाकडाचा तुकडा लावून मुठीच्या दिशेने हलके ठोके द्या. पकड लावाल तर तांबं चेमटतं. त्याहून वाईट म्हणजे पात्याच्या बुडाची खाच ('माची') दुमडते. ती दुरुस्त होत नाही.

सावधान: मूठ निघतच नसेल तर परजेवर हातोडी मारू नका. परजेला लाकडी ठोकळा टेकवून समान, हलके ठोके देता येतात. तरीही नाही निघाली तर थांबा. गंजाने धरलेल्या मुठीत तेल ओतलं तर लाकूड आणि खाली लावलेली पाकट माशाची कातडी दोन्ही खराब होतात.

तपासणी: खुंटीऐवजी मुठीत पेचाचा स्क्रू आहे, पात्यावर खोबणीच्या बुडाशी आकडे ठोकलेले आहेत आणि मूठ ओतीव धातूची आहे, वर दोऱ्याची नक्षी रंगवलेली? मग ती १९३५ साली ठरलेल्या नमुन्याची, हवालदार दर्जासाठी कारखान्यात बनलेली तलवार आहे. तिचं युद्धातलं मोल वेगळं, पण पुढच्या पायऱ्या तिला लागू नाहीत. मात्र अधिकाऱ्याच्या तलवारीचा साज लष्करी दिसला म्हणून तिला मोडीत काढू नका. घरातलं तीनचारशे वर्षांचं पातं नव्या लष्करी साजात बसवून युद्धावर नेणारे अधिकारी पुष्कळ होते.

## ४. पुसणं आणि मोजणं

कापडावर थोडं अल्कोहोल घ्या आणि पाठीच्या बाजूने पातं चिमटीत धरून बुडाकडून टोकाकडे, एकाच दिशेने पुसा. कापड मळलं की नवं घ्या. पारंपरिक पद्धतीत यासाठी 'उचिको' नावाची दगडाची भुकटी वापरतात, पण ती घासणारी असते. सारखी वापरली की पॉलिश निस्तेज होतं, म्हणून घरच्या तपासणीला ती नको. मुठीतल्या भागाला अल्कोहोल लावायचं नाही.

मग मापं लिहा:

- नागासा: टोकापासून पाठीवरच्या खाचेपर्यंत सरळ रेषेत. टेप बाकावर वळवून मोजला तर आकडा फुगतो. सगळ्यात जास्त होणारी चूक हीच.
- सोरी: त्याच सरळ रेषेपासून पाठीचं सर्वाधिक अंतर.
- रुंदी बुडाशी आणि टोकाच्या आडव्या कडेशी ('योकोते'), जाडी बुडाशी.
- मुठीतल्या भागाची लांबी आणि भोकांची संख्या.

जपानी माप 'शाकु' म्हणजे ३०.३ सेंमी, त्याचा दहावा भाग 'सुन'. दोन शाकु म्हणजे ६०.६ सेंमीहून लांब ते कताना (धार वर ठेवून कमरेत खोचायची) किंवा ताची (धार खाली ठेवून कमरेला लटकवायची), एक ते दोन शाकु वाकिझाशी, एक शाकुच्या आतलं तान्तो. ५९ सेंमीचं पातं 'छोटी कताना' म्हणून विकायला आलं तर ती वाकिझाशी आहे आणि किंमतही तशीच असायला हवी.

## ५. घाट वाचा

पातं हाताच्या अंतरावर उभं धरा आणि अजून बारकावे बघू नका. बाक कुठे आहे, बुडापासून टोकाकडे रुंदी किती उतरते, टोक केवढं आहे, एवढंच बघा. काळ यावरून ठरतो.

बाक मुठीजवळ खोल, बूड रुंद, टोक लहान: हेइआन काळाची अखेर ते कामाकुरा काळाचा आरंभ (बारावं शतक ते तेराव्याची सुरुवात). रुंद पातं, आखूड ठेंगणं टोक: कामाकुराचा मध्य (तेरावं शतक). लांब टोक, रुंदी शेवटपर्यंत जवळपास तशीच, पातं पातळ: चौदाव्या शतकाचा मध्य, म्हणजे नानबोकुचो काळ. बाक टोकाकडे सरकलेला, लांबी साधारण ६०-६५ सेंमी, मुठीतला भाग आखूड: मुरोमाची काळाचा उत्तरार्ध (पंधराव्या शतकाची अखेर ते सोळावं), एका हाताने वापरायची तलवार. जवळजवळ सरळ, टोकाकडे चांगलीच निमुळती: कानबुन काळ, १६६०-७०च्या सुमाराची.

गोंधळ दोन ठिकाणी होतो. पहिला, कापून आखूड केलेली नानबोकुचो तलवार आणि १६००च्या आसपासची केइचो तलवार. दोन्हींना लांब टोक, रुंद पातं. जाडी मोजा. केइचोची जास्त भरते. दुसरा गोंधळ एकोणिसाव्या शतकातल्या नकलांचा. तेव्हाच्या कारागिरांनी जुने घाट मन लावून काढले, पण पातं जड आणि जाड ठेवलं. शतकांच्या पॉलिशने झिजलेलं जुनं पातं हातात हलकं लागतं. ते वजन हात हळूहळू शिकतो, फोटोवरून शिकता येत नाही.

तपासणी: योकोतेची रेघ खरी आहे का? पातं हलवा. खऱ्या योकोतेशी पृष्ठभागाचा कोन बदलतो, म्हणून उजेड त्या रेषेवर तुटतो. नव्या स्वस्त नकलांत टोकाला नुसता आडवा पट्टा घासून रेघ भासवलेली असते आणि उजेड तिच्यावरून सलग सरकतो.

## ६. एका दिव्याखाली: हादा आणि हामोन

खोलीतले बाकीचे दिवे, विशेषतः ट्यूबलाइट, बंद करा. बल्ब डोळ्यांच्या किंचित वर, समोर. पातं बल्बच्या दिशेने धरा आणि बल्बचं प्रतिबिंब धारेवरून सरकवत न्या. प्रतिबिंबाच्या लगेच शेजारी जे उजळतं, तिथेच बघायचं.

मधल्या भागात घडाईची नक्षी ('हादा') दिसते. लाकडाच्या आडव्या-तिरप्या शिरांसारखी ती 'इतामे', गाठींसारखी 'मोकुमे', सरळ रेषांची 'मासामे', लाटांची 'आयासुगी'. घडाईच्या परंपरा यामातो, बिझेन, सोशू, मिनो अशा प्रांतांच्या नावांनी ओळखतात. यामातो परंपरेत मासामे, गास्सान घराण्यात आयासुगी ठळक. बिझेनच्या जुन्या पात्यांत धारेपासून पाठीकडे धूसर सावली पसरलेली दिसते, तिला 'उत्सुरी' म्हणतात.

धारेलगतचा पांढरा पट्टा म्हणजे 'हामोन', असं बहुतेक जण समजतात. इथेच सगळ्यात मोठी फसगत होते. आधुनिक पॉलिशमध्ये धारेचा भाग मुद्दाम पांढरट करतात, त्याला 'हादोरी' म्हणतात. नुसत्या डोळ्यांना आणि फोटोत दिसतो तो पट्टा बहुधा हादोरीचा. खरा हामोन, म्हणजे पाणी देऊन कडक केलेल्या धारेची नक्षी, त्याच्या आत असतो आणि बल्बच्या प्रतिबिंबाजवळच उजळतो. त्याच्या कडेला रव्यासारखे सुटे चमकते कण दिसले तर 'निए', कण वेगळे न दिसता सलग धूसर रेघ दिसली तर 'निओई'. सोशू परंपरेत निए भरपूर, बिझेनमध्ये निओईवर लवंगेच्या कळ्यांसारखा चढउतार, मिनोमध्ये टोकदार शिखरं. तीन-तीन शिखरांचा समूह पुन्हा पुन्हा येत असेल तर मिनोच्या कानेमोतो घराण्याकडे बोट जातं. हामोन बुडाशी थोडा सरळ जाऊन मग नक्षी सुरू होत असेल तर ती बहुतांशी १६००च्या नंतरची सवय.

टोकातला हामोन ('बोशी') वेगळा बघा. तो टोकाशी वळून पाठीवर थोडा मागे येतो. तो अजिबात नसेल तर टोक कधीतरी तुटून नवं घासलेलं आहे. अशा पात्याची किंमत निम्म्याहूनही खाली येते आणि पॉलिशवाला यात काही करू शकत नाही.

आम्लाने काढलेल्या खोट्या हामोनला ना निए असतो ना निओई. भिंगाखाली नुसता मळकट करडा रंग दिसतो आणि प्रतिबिंब सरकवलं तरी काही उजळत नाही. युद्धकाळात पाण्याऐवजी तेलात विझवून कडक केलेल्या पात्यांचा हामोन खरा असतो, पण कडक, एकसुरी, कणांवाचून.

## ७. दोष: कुठला चालतो, कुठला नाही

'हागिरे' म्हणजे धारेला आडवी गेलेली चीर. केसाएवढी असली तरी पातं मेलं. शोधायची रीत: धार डोळ्यांच्या रेषेत, दिवा बाजूने, आणि प्रत्येक सेंटीमीटरवर थांबत पुढे जा. ओरखडा पोलादावर असतो, हागिरे हामोनमधून आत शिरते.

घडाईची उभी चीर ('वारे') किंवा फुगा ('फुकुरे') दिसला तर त्याचं ठिकाण बघा. पाठीजवळ असला तर किंमत कमी होते, धारेजवळ असला तर विचार करा. पुष्कळ पॉलिशनंतर मधलं मऊ पोलाद डागांसारखं वर येतं, ते थकलेल्या पात्याचं लक्षण.

आगीत सापडलेली पाती पुन्हा पाणी देऊन उभी करत. अशा पात्यात बुडाशी तिरकी पांढरी सावली ('मिझुकागे') दिसते, पोलाद कोरडं वाटतं. पण होरिकावा कुनिहिरो या लोहाराच्या धाटणीत ही सावली मुळातच येते, तेव्हा एकट्या सावलीवर निकाल देऊ नका.

## ८. मुठीतला भाग: न घासलेला

मुठीतला जो भाग ('नाकागो') उघडा पडला आहे, तो आता दिवसाच्या उजेडात बघा. याला घासायचं नाही. सँडपेपर, तारेचा ब्रश, व्हिनेगर, गंज काढायचं द्रव, काहीही नाही. सुटा तांबडा गंज असेल तर तेलाने ओलं केलेलं कापड टेकवून उचला, इतकंच. वर्षानुवर्षं चढलेला काळपट-तपकिरी, मखमली थर हाच वयाचा पुरावा आहे, आणि घासलेल्या नाकागोची तलवार कितीही चांगली असली तरी घेणारा पाठ फिरवतो.

बघायच्या गोष्टी:

रंग. सलग, खोल, कडांकडे हळू बदलणारा हवा. सगळीकडे सारखाच केशरी-तपकिरी आणि हाताला पावडर लागणारा गंज चढवलेला असतो.

कानशीचे घाव. आडवे, किंचित तिरके, खूप तिरके, जाळीसारखे: प्रत्येक घराण्याची रीत ठरलेली. वरच्या भागात शोभेचे वेगळे घाव असतील तर ते 'शिंतो' (नव्या तलवारींच्या, म्हणजे सुमारे १६००नंतरच्या) काळातले किंवा त्यानंतरचे.

भोकं. एकाहून जास्त भोकं बहुधा तलवार आखूड केल्याची खूण. जुनी लांब तलवार मुठीच्या बाजूने कापत, त्यामुळे खालचं टोक सरळ तुटलेलं दिसतं आणि हामोन कधी नाकागोत शिरलेला असतो. सही कापलेल्या तुकड्याबरोबर गेली असेल, तर नाव नाही म्हणून तलवार कमी प्रतीची ठरत नाही. चौदाव्या शतकातल्या कितीतरी उत्तम तलवारी अशाच निनावी आहेत.

शिक्के. 'शोवा' किंवा 'सेकी'चा शिक्का बहुधा युद्धकाळातलं, पारंपरिक पद्धतीने न घडवलेलं पातं सांगतो. नांगर म्हणजे नौदल. तारा मात्र वेगळा. तो लष्कराने नेमलेल्या, पारंपरिक पोलादातून घडवणाऱ्या लोहारांचा. शिक्का दिसला की सरसकट 'कारखान्याचा माल' म्हणणारे इथे चुकतात.

## ९. सही

आता अक्षरं. खडू, पीठ, टाल्कम पावडर भरून फोटो काढू नका, ती गंजात बसून ओल धरते. टॉर्च बाजूने, जवळजवळ पृष्ठभागाला समांतर धरा. छायेने अक्षरं उठतात.

आधी बाजू. टोक वर, सहीची बाजू तुमच्याकडे. धार डावीकडे आली तर कतानाची सही, उजवीकडे आली तर ताचीची. कतानाच्या घाटावर ताचीची सही दिसली तर संशय घ्या, पण हिझेनच्या तादायोशी घराण्याचे लोक कतानावरही ताचीच्याच बाजूला सही करत, हे लक्षात असू द्या.

मग छिन्नी. खऱ्या सहीत प्रत्येक रेघ छोट्या छोट्या ठोक्यांनी बनलेली असते. भिंगाखाली टप्पे दिसतात आणि रेघेच्या आतला गंज आजूबाजूच्या गंजाच्याच रंगाचा असतो. आतून उजळ, किंवा आजूबाजूच्या गंजाला फोडून गेलेली रेघ म्हणजे नंतर कोरलेली.

मग नाव. मासामुने, कोतेत्सु, सुकेहिरो: या नामवंत लोहारांची नावं दिसली की खोटीच धरून चाला आणि पातं ते खोडून काढतंय का ते बघा. सुकेसादा वेगळा प्रकार. बिझेनमधल्या ओसाफुने गावात या नावाने कितीतरी लोहार काम करत आणि सोळाव्या शतकातल्या लढायांसाठी तिथून ढीगभर तलवारी निघाल्या. नुसतं 'बिशू ओसाफुने सुकेसादा' (बिशू हे बिझेनचं लघुरूप) असेल तर बहुधा तोच भरमसाट माल. पूर्ण प्रांतनाम आणि 'योसोझाएमोन-नो-जो'सारखं वैयक्तिक नाव असेल तर मागणीवरून केलेलं चांगलं काम असू शकतं. तसंच 'अमुक-नो-कामी' ही पदवी शिंतो काळात सर्रास झाली. कामाकुराच्या म्हणवणाऱ्या सहीत ती दिसली तर आणखी पुरावा मागा.

मागच्या बाजूला तारीख असेल तर ती राजवटीच्या सनात असते. सनाचा आरंभ अधिक वर्ष वजा एक. एइशो १५०४, तेन्बुन १५३२, एइरोकु १५५८, तेन्शो १५७३, केइचो १५९६, कानएई १६२४, कानबुन १६६१, तेन्पो १८३०, शोवा १९२६. म्हणजे एइशो ५ म्हणजे १५०८, शोवा १८ म्हणजे १९४३. महिना बहुतेक वेळा दुसरा किंवा आठवा लिहिलेला असतो, म्हणून त्यावरून तलवारीचा नेमका महिना काढत बसू नका.

तपासणी: पाचव्या पायरीचा काळ, सहाव्या पायरीचं घराणं आणि इथलं नाव जुळतात का? जुळत नसतील तर पात्याचं ऐका.

## १०. परज आणि साज

परजेच्या मधल्या भोकाभोवती छिन्नीचे ठोके किंवा तांब्याची छोटी ठिगळं असतील तर ती एखाद्या तलवारीवर खरंच बसवली गेली होती. अजिबात खुणा नसतील तर ओतीव नकलेचा संशय घ्या. लोखंडी जाळीदार परजेत जाळीच्या आतल्या भिंती भिंगाने बघा: साच्याची उभी रेघ, बारीक छिद्रं किंवा सगळे कोपरे गोलसर असतील तर ती ओतीव. मऊ धातूवरचे माशाच्या अंड्यांसारखे बारीक दाणे ('नानाको') खऱ्या कामात एकेक ठोकलेले असतात, ओतीवात ते एकमेकांत मिसळतात.

लोखंडी परजेवरचा लाल गंज हाडाच्या किंवा शिंगाच्या तुकड्याने खरवडा आणि मग सुती कापडाने दिवसेंदिवस घासा. खालचा काळा थर राहायला हवा. 'शाकुदो' हा तांब्यात थोडं सोनं घातलेला निळसर काळा मिश्रधातू, 'शिबुइची' तांब्या-चांदीचा राखाडी. दोघांचा रंग केवळ वरच्या पातळ थरात असतो. चिंच, लिंबू किंवा भांडी घासायची पावडर लावली की पाच मिनिटांत तांबं उघडं पडतं. दिवाळीच्या साफसफाईत हे भाग देवघरातल्या भांड्यांत जाऊ देऊ नका.

मुठीच्या दोऱ्याचा वेढा प्रत्येक चौकटीत आलटून पालटून वर-खाली जायला हवा. एकाच बाजूने सगळे वेढे वर असतील आणि खालची कातडी प्लास्टिकसारखी एकसारखी दाणेदार असेल तर साज नवा आहे.

## ११. जोडणी, तेल, ठेवण

पात्यावर दोन-तीन थेंब तेल कापडाने पसरवा. पातळ ओलसर थर पुरे. तेल ओघळलं तर ते म्यानाच्या लाकडात मुरतं आणि धूळ धरून ठेवतं. खोबरेल किंवा मोहरीचं तेल नको, ते चिकट होऊन आंबतं. हाबाकी, सेप्पा, परज, सेप्पा, मूठ या क्रमाने चढवा, मुठीचं बूड तळहाताने दाबून बसवा आणि खुंटी ज्या बाजूने निघाली त्याच बाजूने घाला. ढिली खुंटी चालवून घेऊ नका. कडक, जुन्या बांबूची नवी तासून बसवा. टूथपिक किंवा खिळा नको.

तलवार आडवी, धार वर. प्लास्टिकच्या पिशवीत किंवा लष्करी चामडी आवरणात ठेवू नका, दोन्ही ओल धरतात. मुंबई-कोकणात पावसाळ्यात महिन्यातून एकदा, एरवी तीन महिन्यांनी जुनं तेल पुसून नवं लावा. कपाटात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि त्या बदलायला विसरू नका.

पात्यावर गंज असेल तर तो शिकलगाराकडे किंवा चाकावर धार लावणाऱ्याकडे न्यायचा नाही. त्याचं कौशल्य वेगळ्या हत्यारांचं आहे. इथे काही मिनिटांत योकोते आणि पात्याच्या कडा गोल होतात. प्रशिक्षित पॉलिशवाल्याला आधी दोन-तीन सेंटीमीटरची 'खिडकी' उघडून दाखवायला सांगा. त्या तुकड्यात हादा आणि हामोन दिसले की पूर्ण पॉलिशचा खर्च करायचा की तेल लावून तशीच ठेवायची, हे ठरवता येतं.